पत्र्यालाही माया सोडावी लागते

२०२४च्या दिवाळीत माहेरी, पुण्याला गेले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई मला तेल लावायला बसली. तळहातावर तेल चोळता चोळता थांबली आणि म्हणाली, “अगं, हे घट्टे कसले? तिकडे लोकांची धुणीभांडी करतेस की काय?”

“नाही गं आई. पत्र्याचं काम करते.”

“पत्र्याचं? म्हणजे छपराचं?”

“मोटारीचं,” म्हटलं, तर आईनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग सगळी हकिकत सांगावी लागली. तीच आज तुम्हाला सांगते.

आम्ही इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो. हे एका कंपनीत इंजिनिअर आहेत. मी घर सांभाळते, आठवड्यातून दोन दिवस एका प्राथमिक शाळेत वर्गाच्या बाईंना मदतनीस म्हणून जाते आणि शनिवारी आपल्या मराठी मुलांचा वर्ग घेते. शिक्षण म्हणाल तर बी. ए., तेही इतिहास घेऊन. पाना आणि पकड यांतला फरक मला लग्नानंतर कळला. अशी मी मोटारीच्या पत्र्यापर्यंत कशी पोचले, ते आधी सांगायला हवं.

खोक्यांतून आलेली मोटार

इंग्लंडात एक जुनं वेड आहे, किट कारचं. मोटार तयार घ्यायची नाही. सांगाडा आणि सुटे भाग आणायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये रविवारी रविवारी ती जुळवायची. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं ‘सेव्हन’ नावाची दोन माणसांची उघडी, चिमुकली मोटार काढली. त्या काळी इथं तयार मोटारीवर खरेदी-कर पडायचा. सुटे भाग घेऊन घरी जुळवली तर तो वाचायचा. १९७३ साली खरेदी-कर जाऊन व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. सवलत संपली तरी वेड काही संपलं नाही. पुढं १९९६ साली रॉन चँपियन या गृहस्थांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स मोटार कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिलं. त्या धर्तीच्या मोटारींना इथं ‘लोकॉस्ट’ म्हणतात. म्हणजे कमी खर्चाची!

कमी खर्च पुस्तकात. आमच्या घरचा हिशेब निराळा होता. मार्च २०२३मध्ये सांगाडा, पत्रे आणि अकरा खोकी घरी आली, ती आमच्या भारतवारीसाठी साठवलेल्या पैशांतून. ह्यांनी मला विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण उत्तर ठरवून विचारलं. त्या जुलैमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी जाणार होते, पण राहून गेलं. पट्टी बांधलेला आईचा डोळा मी फोनच्या पडद्यावर पाहिला. ह्यांना काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे रुसले, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर गॅरेजमध्ये पाऊल टाकायचं मी सोडूनच दिलं. शेजारणीला सांगायची, “आमच्याकडे एक सवत आली आहे. तिला अजून अंगभर कपडे नाहीत, पण मान सगळा तिलाच.”

एका क्षणाची घाई

दसऱ्यानंतरच्या रविवारी ह्यांनी गिअरबॉक्सवर बसवायचा पत्रा कापला. आमचे आठ वर्षांचे चिरंजीव तिथंच लुडबुडत होते. त्यांना बाजूला करावं म्हणून ह्यांनी पत्रा उचलला, तो मोज्यांशिवाय. पत्रा हातातून निसटला आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी धार लागली. रक्त पाहून मुलगा रडायला लागला. मी हात फडक्यात गुंडाळला आणि हॉस्पिटल गाठलं. आतली शीर तुटली होती, म्हणजे बोट हलवणारा स्नायूचा दोर. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे हात पट्टीत आणि तीन महिने जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

रात्री मी गॅरेजमध्ये गेले आणि पत्र्यावरचे डाग ओल्या फडक्यानं पुसले. त्या काठाकडे नीट पाहिलं. कापल्यावर पत्र्याच्या कडेला बारीक, डोळ्यांना न दिसणारी कुसं राहतात. ती घासून काढायची असतात. ह्यांना हे ठाऊक होतं. “सगळं कापून झालं की एकदम घासू,” असं त्यांनी ठरवलं होतं. आठ वर्षांचं पोर त्याच काठापासून हातभर अंतरावर उभं होतं, या विचारानं माझी झोप गेली.

आठवड्यानं हे म्हणाले, “विकून टाकू.” पण अर्धवट जुळवलेल्या मोटारीला कोण विचारतो? चौथाई पैसे आले तरी नशीब. माझी भारतवारी त्या गॅरेजमध्ये गंजत पडणार, या विचारानं मला जो राग आला, त्या रागानंच मी म्हटलं, “तुम्ही स्टुलावर बसून सांगा. मी करते.” मोटारीच्या प्रेमानं केलं नाही, हे कबूल करते.

आधी बेतायचं, मग कापायचं

सांगाडा लोखंडी चौकोनी नळ्यांचा होता, जोडून आणि रंगवून आलेला. नाक आणि मडगार्ड फायबरग्लासचे तयार. दोन्ही बाजू, तळ, मागचा भाग आणि मधला बोगदा यांना मात्र ॲल्युमिनियमचा पत्रा आपण बसवायचा. पत्रा १.२ मिलिमीटर जाडीचा. एक चौरस मीटर पत्रा सुमारे सव्वातीन किलो भरतो. तेवढाच लोखंडी असता तर नऊ किलोंच्या वर गेला असता. हलकी मोटार लहान इंजिनावरही पळते, म्हणून हा खटाटोप.

ह्यांची पद्धत अशी होती, की टेपनं सांगाडा मोजायचा आणि मापं सरळ पत्र्यावर उतरवायची. मी बघितलं आणि म्हटलं, “अहो, ब्लाउज असा बेतला तर काखेत घट्ट आणि खांद्यावर ढगळ होईल.” लग्नाआधी मी दोन वर्षं शिवणक्लासला जात होते. तिथं पहिला धडा असतो कागदी बेताचा. मी कॉर्नफ्लेक्सची खोकी उलगडून चिकटवली, सांगाड्यावर धरली आणि नळीच्या कडेनं पेन्सिल फिरवली. तेव्हा कळलं, की माणसाचे दोन खांदे सारखे नसतात तशा सांगाड्याच्या दोन बाजूही सारख्या नव्हत्या. उजवी बाजू तीन मिलिमीटरनी लांब होती. ह्यांनी कपाळावर हात मारला, तोही डावा.

शिवणात आपण टाक्यांच्या बाहेर माया सोडतो. पत्र्यालाही माया सोडावी लागते. जिथं तो नळीवर दुमडून रिबिटनं पक्का करायचा तिथं मी दोन सेंटिमीटर माया ठेवली. उघडा राहणारा काठ आत वळवायचा, तिथं एक. कोपऱ्यात दोन दुमडी एकमेकींवर चढू नयेत म्हणून तिथं आधी बारीक भोक पाडून मगच कातरायचं. नाहीतर त्या टोकापासून पत्रा चिरत जातो. खुणा करायच्या त्या फेल्ट पेननं. अणकुचीदार टोच्यानं ओढलेली रेघ म्हणजे ओरखडा, आणि दुमडताना पत्रा नेमका तिथंच तडकतो.

एवढं ज्ञान पाजळून मी पहिली चूक केलीच. डाव्या बाजूचा बेत पालथा न घालताच उजव्या बाजूला वापरला आणि दुमडून मोकळी झाले. दोन्ही बाजू डाव्या! क्लासमध्ये एकदा दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या शिवल्या होत्या, तशीच गत. त्या पत्र्याचे पुढं लहानसहान तुकडे झाले. तेव्हापासून प्रत्येक बेतावर ‘डावी’, ‘उजवी’, ‘वर’ आणि ‘बाहेरची बाजू’ असं मोठ्या अक्षरांत लिहिते.

कापायला दात बारीक असलेली जिगसॉ चांगली. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे करवतीच्या दातांत भरून बसतं, म्हणून पात्याला अधूनमधून मेणबत्ती घासायची. पत्र्याच्या कात्रीनं काठ किंचित मुरडतो. रेघेबाहेर मिलिमीटरभर ठेवून कापायचं आणि उरलेलं कानशीनं उतरवायचं.

आणि काठ? मी नियमच केला. तुकडा कापला की दुसऱ्या कशाला हात लावायच्या आधी त्याचा काठ घासायचा. कानस काठाला आडवी नाही, लांबीनं चालवायची. मग लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून दोन्ही अंगांनी कोर मारायची. झालं की नाही हे बोट फिरवून बघायचं नाही. मी देव्हाऱ्यातला, वाती वळायचा कापूस घेई आणि काठावरून हळू ओढी. जिथं एकही तंतू अडकेल तिथं पुन्हा कानस.

तांबट आळीचा कान

शेजारी एक आजोबा राहतात. उमेदीच्या काळात ते मोटारीच्या पत्र्याचं काम करायचे. भिंतीपलीकडून हातोडीचा आवाज ऐकून ते चहाचा कप घेऊनच आले. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या.

पहिली साबणाची. हा पत्रा अर्धवट कडक असतो, त्यामुळे तीव्र वळण देताना चिरतो. तो मऊ करायचा तर तापवावा लागतो. पण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. जास्त तापलं तर एकदम ढासळतं. म्हणून पत्र्यावर साध्या साबणाची वडी घासायची आणि गॅसची ज्योत लांबून, सतत फिरती ठेवायची. साबण तपकिरी होऊन काळा पडू लागला की ज्योत बाजूला. गार झाल्यावर पत्रा हाताला मऊ लागतो. ज्योत ह्यांनी डाव्या हातात धरली आणि मी साबणाकडे डोळे लावून बसले. खिरीचं दूध उतू जाऊ नये म्हणून बसतो ना, अगदी तशी.

दुमडायची रीत सोपी आहे. दोन जाड लोखंडी पट्ट्यांत रेघेवर पत्रा आवळायचा, वर लाकडाची फळी धरायची आणि लाकडी हातोडीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडंथोडं वाकवत जायचं. एकाच जागी पूर्ण दुमड घातली तर पत्र्याला लाटा येतात.

दुसरी गोष्ट शिकवायला आजोबा लागले खरे, पण ती माझ्या कानात आधीपासूनच होती. ह्यांच्या पट्टीच्या दिवसांत माझ्या हातून पाना सुटला आणि बाजूच्या नव्या पत्र्याला पोचा आला. मी रडकुंडीला आले. आजोबांनी खालून गुळगुळीत लोखंडी गोळा धरला आणि वरून हलक्या हातानं हातोडी मारायला लागले. आवाज ऐकला आणि मी चमकले. माझं बालपण कसबा पेठेत गेलं. तिथं तांबट आळीत दिवसभर हातोड्यांची टकटक चाले. बंब, हंडे, घागरी मठारायचं काम. मठारणं म्हणजे ठोका देऊन पत्रा बसवणं आणि घट्ट करणं. हातोडी नेमकी खालच्या आधारावर पडली तर स्वच्छ ‘टण’ आवाज येतो. आधार चुकला तर ‘ठप्प’. लहानपणी आम्ही आवाजावरून नवशिका कारागीर ओळखायचो. आता नवशिकी मीच होते. एकाच जागी ठोकत राहिलं तर पत्रा पातळ होऊन पसरतो आणि पोचा उलट फुगतो, म्हणून ठोके हलके आणि एकाशेजारी एक. फुगीर आकारासाठी मी जुन्या जीनच्या कापडाची दुहेरी टीप मारून पिशवी शिवली आणि तीत कोरडी वाळू भरली. आजोबांना ती इतकी आवडली, की त्यांनाही एक शिवून दिली.

फॉल लावावा तसं

पत्रा सांगाड्यावर बसवताना नवख्या माणसाची खरी फजिती होते. एका टोकापासून भोकं पाडत गेलं की दुसऱ्या टोकाला पत्रा फुगतो. साडीला फॉल लावताना आपण काय करतो? आधी मधे टाचतो, मग दोन्हीकडे, मग मधल्या जागा. इथंही तसंच. मधलं भोक पाडायचं, त्यात स्प्रिंगची खास टाचणी अडकवायची आणि डावी-उजवीकडे सरकत जायचं. सगळा पत्रा सपाट बसला, की मग तो काढून भोकांच्या दोन्ही बाजूंची कुसं साफ करायची आणि पुन्हा बसवायचा. दोन दोन वेळा बसवायचा कंटाळा येतो, पण त्याला इलाज नाही. आम्ही ३.२ मिलिमीटरची रिबिटं दर पाच सेंटिमीटरवर घेतली.

पत्र्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो काठापासून बोटभर सोलून मगच बसवायचा, नाहीतर दुमडीखाली अडकून बसतो. बाकीचा शेवटपर्यंत ठेवायचा, पण महिनोन्‌महिने उन्हात नाही, कारण मग तो निघता निघत नाही.

आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. जर्मनच्या पातेल्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवू नये, हे आईनं शिकवलेलं. आंबट त्याला खातं. मोटारीत चिंच नसते, पण इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मधे खारं पाणी शिरलं, की दोघांत बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. म्हणून दोघांच्या मधे आड हवा. नळीवरचा रंग कुठं खरवडला असेल तर तो आधी लावायचा. पत्रा स्पिरिटनं पुसायचा आणि मधे लवचीक सीलंटचा थर देऊन मगच रिबिटं मारायची. हे सीलंट थंडीत लवकर सुकत नाही. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी आम्ही फक्त बेतत, कापत आणि दुमडत राहिलो. चिकटवलं ते एप्रिलमध्ये.

एप्रिलमधल्याच एका संध्याकाळी मी रिबिटं मारत होते. ह्यांचा हात आता सुटा झाला होता. ते पत्रा धरून उभे होते. एकदम म्हणाले, “जुलैमध्ये तुला आईंकडे पाठवायला हवं होतं.” बस, एवढंच. मी काही थांबले नाही, पण पुढचं रिबिट वाकडं बसलं. ते अजून तसंच आहे, डाव्या बाजूला, मागून तिसरं.

लुगड्याची चमक

रंग द्यायचा की नुसती चमक ठेवायची, यावर घरात मतदान झालं. रंगासाठी ॲल्युमिनियमवर आधी खास पकड देणारा प्रायमर लागतो; साधा रंग पापुद्रे धरतो. दोन विरुद्ध एक मतांनी चमक जिंकली. आधी ४०० नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, मग ८००, मग १२००. दर नंबराला घासायची दिशा बदलायची. म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही हे दिसतं. ओरखडे राहिले आणि पुढच्या नंबराला गेलात, तर शेवटी चमकेतून तेच आधी डोळ्यांत भरतात. लोखंडी काथ्या मात्र वापरू नये; त्याचे कण मऊ पत्र्यात रुततात आणि गंजून डाग पडतात.

शेवटी पॉलिशची ट्यूब आणि मऊ सुती कापड. गोधडीसाठी म्हणून आईनं दिलेलं आजीचं जुनं लुगडं माझ्याकडे होतं. त्याचं निम्मं या कामी आलं. कापड काळंकुट्ट होतं. घाबरू नये, ते ॲल्युमिनियमच निघत असतं. काळं कापड फिरवत राहिलं तर पुन्हा ओरखडे, म्हणून सारखी घडी बदलायची. रोज संध्याकाळी तासभर, असे चार आठवडे. मग एक दिवस त्या पत्र्यात मला माझं तोंड दिसलं, नाकाला काळं लागलेलं.

परीक्षा

घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणायच्या आधी इथं सरकारी परीक्षा असते. आयव्हीए म्हणतात तिला. २००९ सालापासून हे नाव आहे. ब्रेक, दिवे, पट्टे सगळं बघतात. आणि बघतात काठ. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा मोटारीच्या बाहेरच्या अंगावरून फिरवायचा. तो जिथं टेकेल तिथला कडक काठ किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येनं गोल हवा. मोटारीचा धक्का रस्त्यावरच्या माणसाला लागलाच, तर तो चिरला जाऊ नये म्हणून.

जूनमध्ये आम्ही गेलो. मी निर्धास्त होते. काठ हा तर माझाच विषय! आणि आम्ही काठावरच नापास झालो. आदल्या रात्री नंबरप्लेटच्या दिव्यासाठी एक छोटी पट्टी हवी होती. मी ती उरलेल्या तुकड्यातून, त्या दोन डाव्या बाजूंपैकी एकीतून, कापली. कानस मारली, कापूस ओढला, तंतू अडकला नाही, आणि बसवून टाकली. बोट कापणार नाही एवढा तो काठ गुळगुळीत होता. पण १.२ मिलिमीटरचा नुसता पत्रा २.५ मिलिमीटर त्रिज्येचा गोल होणार कसा? हिशेब मला येत होता. मी केला नाही. “मागं, खाली आहे, कोण बघतंय,” असं मनात आलं होतं, ते कबूल करते. ह्यांनी “सगळं कापून झालं की एकदम घासू” म्हटलं, त्याहून माझं काही वेगळं नव्हतं.

परीक्षकांनी सौजन्यानं कागद हातात दिला. गाडीत बसल्यावर हे काही बोलले नाहीत. मीच म्हटलं, “बोला ना.” तर म्हणाले, “माझ्या काठानं माझा हात गेला. तुझ्यानं नुसती फी गेली.”

घरी आल्यावर बादली उलटी करून तिचा काठ पाहिला. बादली, घमेलं यांच्या काठात तार घालून पत्रा तिच्यावर वळवलेला असतो. आपण झंपरला दोरी घालून पायपिंग करतो तसा. मी तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार घेतली, पट्टीचा काठ साबण लावून मऊ केला आणि तारेवर वळवला. तीन अधिक दोन्हीकडचे १.२, म्हणजे ५.४, त्याच्या निम्मं २.७. दुसऱ्या खेपेला पास झालो.

करून बघणार असाल तर

मोटार राहू द्या, पण फळीला पत्रा मारणं, ट्रंकेचा काठ बसवणं, ओट्यामागं पत्रा लावणं ही कामं घरात निघतातच. तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

कापलेला पत्रा मोजे घातल्याशिवाय उचलू नये, आणि मुलं असताना तर उघड्या काठाचा तुकडा जमिनीवर ठेवूच नये.

ड्रिल चालवताना ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या काही नको. गरगरणाऱ्या मशीनजवळ हातमोजेही नकोत, ते गुंडाळले जातात. डोळ्यांना चष्मा मात्र हवा.

ॲल्युमिनियमच्या भुकटीचा ढीग साचू देऊ नये आणि तिच्याजवळ लोखंड घासून ठिणग्या उडवू नयेत. ती पेट घेऊ शकते.

लोखंडाला वापरलेली कानस आणि पॉलिश पेपर ॲल्युमिनियमला वापरू नये. दोघांचे डबे वेगळे.

चमकवलेला पत्रा, तसंच जर्मनची भांडी, धुण्याच्या सोड्यानं धुऊ नयेत, काळी पडतात. साधं साबणाचं पाणी पुरे.

आईनं हे सगळं ऐकून घेतलं. तोवर माझं अर्धं अंग तेलात आणि पाणी गार. मग तिचा पहिला प्रश्न, “माणसं किती बसतात?”

“दोन.”

“आणि तुम्ही तिघं! मग तिसऱ्यानं काय करायचं?”

“तिसऱ्यानं पत्रा पुसायचा,” म्हटलं.

खरंच तसं चाललंय. इथं बारा वर्षांखालच्या मुलांना उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत वेगळी सीट लागते, आणि ती आमच्या मोटारीत नीट बसत नाही. चिरंजीव दर महिन्याला गॅरेजच्या दाराला पाठ लावून उभे राहतात आणि पेन्सिलीची रेघ मारून घेतात. मी बाजूला बसून फिरून येते तेव्हा माझ्यावर डोळे वटारतात. रोज शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी मोटारीकडे जातात आणि नाकापासून मागच्या दिव्यापर्यंत सगळ्या काठावरून हात फिरवत घरात येतात. सुरुवातीला माझा जीव खालीवर व्हायचा. आता मी पोळ्या लाटत असते, वळून बघतसुद्धा नाही.